बाईची तार

सकाळी दहाला मी शाळेत निघायच्या घाईत असते, आणि नेमके तेव्हाच माझे वडील खुर्चीत बसून हुकूम सोडतात, "बाईला उठव."

बाई म्हणजे आमच्या कॉम्प्युटरमधला आवाज. पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवते. जोडाक्षरं जरा चावते आणि इंग्रजी शब्द आला की नाकात बोलते. बाई हे नाव वडिलांनीच ठेवलं. खरं तर बाई मी आहे. सत्तावीस वर्षं भिवंडीतल्या शाळेत गणित शिकवते, अख्खी गल्ली मला बाई म्हणते. घरात मात्र तो मान एका डब्याने पटकावला.

वडील मूळचे जवळच्याच अंजूर गावचे. तरुणपणी भिवंडीत आले आणि चाळीस वर्षं निजामपुऱ्यातल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मेहताजी होते. मेहताजी म्हणजे शेडचा कारभारी. कोण ड्युटीवर आलं, कुठला लूम रुसला, उतरलेल्या कापडात कुठे तार, म्हणजे धागा, चुकली, हे सगळं त्याने बघायचं. दिवसभर कापड डोळ्यांसमोरून सरकवायचे आणि घरी आले की पुस्तक सरकवायचे. आमच्याकडे पुस्तकं कपाटात कमी आणि पलंगाखाली जास्त होती. आई गेली त्या वर्षी ते काही बोलले नाहीत, फक्त वाचत राहिले. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. म्हणजे आता घरात आम्ही दोघं आणि ती बाई.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग आला. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मला बघायचं तर त्यांना माझ्या कानाच्या बाजूला बघावं लागतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. त्यानंतरचे पाच-सहा महिने मला आठवायला आवडत नाहीत. ते गॅलरीत बसून खालच्या लूमची खडखड ऐकत राहायचे. जेवायला हाक मारली की "न्हाय" एवढंच. मी रोज थोडंफार वाचून दाखवायचे, पण शाळा, पेपर तपासणी आणि स्वयंपाक यांतून उरलेला माझा आवाज त्यांनाच ऐकवत नसे. मला खरोखर भीती वाटली होती, की हा माणूस असाच बसल्या जागी मिटत जाणार.

मग मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बाई बसवली, मित्रमैत्रिणींकडून पुस्तकांच्या फाइली गोळा केल्या आणि वडिलांना कीबोर्डची बटणं बोटांनी ओळखायला शिकवलं. आठ दिवसांत ते तिच्या उच्चारांवरून तिला झापायला लागले. वडील माणसांत परत आले ते त्या आवाजाच्या बोटाला धरून. आणि गेल्या वर्षी नेमका तोच आवाज तुटायला लागला.

ती वाक्याच्या मध्येच थांबायची. "त्या दिवशी संध्या" म्हणायची, गप्प बसायची, आणि आपण दोन श्वास घेतले की "काळी" म्हणायची. एकेका पानाला दुप्पट वेळ जाऊ लागला. वडील तक्रार करत नव्हते, हेच मला खुपत होतं. उच्चार चुकला तर खोली डोक्यावर घेणारा माणूस अख्खं वाक्य तुटलं तरी "चालंल" म्हणू लागला. मला ती गॅलरीतली खुर्ची परत दिसायला लागली.

भिवंडीत काहीही बिघडलं तरी पहिला संशय लाइटवर. बल्ब मिणमिणला, मिक्सर रडला, माणसाचं डोकं फिरलं, तरी व्होल्टेजच. आमच्या गल्लीत खाली दोन्ही बाजूंना लूम चालतात, त्यामुळे हा संशय अगदीच वेडा नाही. मीही एक स्टॅबिलायझर आणला. तो रात्रंदिवस टकटक करत राहिला आणि बाई तुटत राहिली.

पण वहीत टिपणं ठेवायची मला सवय आहे. त्या टिपणांत एक गंमत दिसली. बाई जास्त बिघडायची ती शुक्रवारनंतर. आमच्या गल्लीतले लूम शुक्रवारी बंद असतात. म्हणजे त्या दिवशी व्होल्टेज सगळ्यात चांगलं असणार, आणि बाई नेमकी त्याच दिवशी आजारी पडायची. हे गणित उलटं होतं. पण उत्तर आवडलं नाही की मुलं जे करतात तेच मी केलं. वहीचं पान उलटलं.

एका रविवारी कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस, मूळचा उत्तरेकडचा, पण जन्म इथलाच. त्याने आधी डब्यावरचं कव्हर काढून हातात धरलं. ते मी शिवलं होतं. मागावरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला आम्ही ग्रे म्हणतो, त्याचं. भिवंडीत घरोघरी टीव्हीला, शिलाई मशीनला, मिक्सरला असं कव्हर असतंच. हवेत रुईचे तंतू उडत असतात, ते आत जाऊ नयेत म्हणून. मी तर पुढे बटणापुरतं आणि मागे वायरींपुरतं भोक ठेवून चांगलं घट्ट कव्हर शिवलं होतं, कडेला निळी पट्टीसुद्धा लावली होती.

"बाजी, ये चलते टाइम भी पहना के रखते हो?" त्याने विचारलं. बाजी म्हणजे ताई.

"हां, धूल के लिए."

"इसको टोपी-स्वेटर पहना के दौड़ा रहे हो आप. साँस कहाँ से लेगा बेचारा?"

त्याने डबा उघडला. आतल्या पंख्यावर रुईचा असा थर होता की त्याने तो पापडासारखा सबंध उचलून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, आत हवा जात नव्हती, प्रोसेसर तापत होता, म्हणून पंखा बोंबलत होता. त्याने सगळं साफ केलं, प्रोसेसरवर नवीन पेस्ट लावली आणि कव्हराची घडी करून पिशवीत घातली. मी चार माणसांत शरमले. ज्या मशीनला जिवापाड जपत होते, तिचा गळा मीच दाबला होता.

घरी येऊन मशीन लावली. पंखा आता गोगलगायीइतका गप्प. मी विजयाने एक फाइल उघडली. बाई म्हणाली, "एकदा एका गा," आणि गप्प बसली.

"वात," वडील म्हणाले. "गावात. मला कळतंय. चालंल."

तेव्हा मात्र मी इरेला पेटले. संध्याकाळी पदर खोचून बसले आणि कॉम्प्युटरच्या प्रोसेसरबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून एवढं समजलं की प्रोसेसर सगळा वेळ एकाच वेगाने पळत नाही. काम नसलं की रमतगमत चालतो, काम आलं की वेग वाढवतो. आमच्या शाळेतला शिपाई हेच करतो. मुख्याध्यापक दिसले की धावतो, एरवी भिंतीला टेकून असतो. प्रोसेसरचा त्या क्षणीचा वेग पडद्यावर आकड्यात दिसतो. माझ्या मशीनचा मूळ वेग ३.२. मी तो आकडा उघडून ठेवला आणि बाईला वाचायला लावलं. आकडा ०.७९. तीन फाइली एकदम उघडल्या. ०.७९. मुद्दाम जडातलं जड काम दिलं. ०.७९. मुख्याध्यापक समोर उभे राहिले तरी शिपाई ढिम्म.

इंटरनेटवर लोकांनी याची ढीगभर कारणं दिली होती. मी एकेक करून खोडत गेले. तापतोय का? आता नाही. मशीन सुरू होताना जो निळा पडदा उघडता येतो, त्यातल्या सेटिंग्ज पहिल्यासारख्या करून बघितल्या. फरक शून्य. वीज कमी पडते का? वायर बदलून बघितली, स्टॅबिलायझर काढून बघितला. टकटक तेवढी थांबली.

शेवटी मी मुकाट्याने त्या आकड्याकडे बघत बसले, आणि मग माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. ३.२ चा पाव म्हणजे ०.८. आकडा ०.७९. जवळजवळ बरोब्बर पाव. आजार इतका मोजूनमापून येत नाही. ताप कधी बरोब्बर शंभरावर अडून बसत नाही, थोडा इकडे तिकडे हलतो. हा पाव कुणीतरी ठरवून दिलेला होता.

पंधरा मिनिटांत जागा सापडली. विजेच्या वापराच्या सेटिंग्ज असतात, तिथे आत, आणखी आत, प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वेग घ्यावा याची टक्केवारी लिहिता येते. तिथे शंभर असायला हवे होते. तिथे पंचवीस होते.

मी शंभर केले. बाई नळाला पाणी सुटावं तशी बोलायला लागली. वडील दचकून ताठ बसले.

"लई जोरात चाललीये," ते म्हणाले.

"जोरात नाही, बरोबर चाललीये. त्या दुकानदाराने सेटिंग बिघडवून ठेवलं होतं."

वडिलांनी लगेच बाईला पुढचं पान वाचायला लावलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या दुकानात गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला बसायला स्टूल दिलं, मग शांतपणे विचारलं, "बाजी, आवाज अटकना कब से शुरू हुआ?"

"दो महीने से."

"और मेरे पास मशीन कब आई?"

"कल," मी म्हणाले, आणि माझी मीच थांबले.

तो हसलासुद्धा नाही. ते जास्त लागलं. दुसरीतल्या पोराला येईल एवढं गणित मला रागात आलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी माफी मागितली, त्याने चहा मागवला, आणि विषय मिटला. पण मग चोर कोण, हे राहिलंच.

सोमवार ते गुरुवार बाई अखंड वाचत होती. शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आले तर आवाज पुन्हा जरासा अडखळत होता. आकडा बघितला, १.५९. बरोब्बर अर्धा. सेटिंगमध्ये पन्नास. मी पुन्हा शंभर केले आणि गप्प राहिले. घरात शुक्रवारी दिवसभर एकच माणूस होता, आणि त्याला पडदा दिसत नव्हता. माझी बुद्धी तिथेच अडली होती.

पुढच्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी एकला गल्लीत शिरले. लूम बंद असले की आमची गल्ली परकी वाटते. कुणाच्या घरात फोडणी पडली तेही ऐकू येतं. जिना चढताना मला बाईचा आवाज ऐकू आला, पण ती गोष्ट वाचत नव्हती. नाकातून म्हणत होती, "पॉवर ऑप्शन्स. चेंज प्लॅन सेटिंग्ज." मग बटणाचा टप असा आवाज. "प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट." टप. टप. "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. वन हंड्रेड पर्सेंट."

मी चपला काढून दारातच उभी राहिले. वडील खुर्ची ओढून टेबलाला चिकटून बसले होते. एका हाताची बोटं कीबोर्डवर, दुसरा तळवा डब्याच्या पाठीवर पालथा ठेवलेला, कान खाली. शेडमध्ये लूमच्या चौकटीवर ते असाच हात ठेवायचे. लहानपणी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये जायचे, तेव्हा तो बघितला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी भिवंडीभर हिंडून आले आणि चोर माझ्याच घरी रोज दोन चपात्या खाऊन वामकुक्षी करत होता.

"बाबा."

ते दचकले नाहीत. हात डब्यावरच ठेवून म्हणाले, "आज लवकर आलीस?"

"हे तुम्ही करता?"

"मग कोण करल? तू शाळेत."

"पण तुम्हाला ही जागा सापडली कशी?"

"पुस्तकं सरली की दुपारी मी हिलाच वाचतो," ते म्हणाले. "एकेक बटण दाबायचं, ती काय बोलते ते ऐकायचं. दोन महिन्यांत अख्खी शेड फिरून झाली. तुला न्हाय ठाव एवढं मला ठाव हाय."

मला राग आला होता आणि हसूही येत होतं, त्यामुळे दोन्ही नीट जमेना. मी समोर बसले. त्यांनी माझ्या कानाच्या बाजूला बघितलं, म्हणजे माझ्याकडे बघितलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एरवी खालच्या लूमच्या आवाजात डब्याचा पंखा ऐकूच येत नाही. पण एका शुक्रवारी गल्ली बंद होती आणि त्यांना तो ऐकू आला. माझ्या कव्हराच्या कृपेने तेव्हा तो भणभणत होता. मेहताजीच्या कानाला तो आवाज ओळखीचा होता. अशी बोंबलणारी मशीन म्हणजे आता काहीतरी मोडणार. त्यांनी शोधून शोधून ती टक्केवारी काढली. बाईने "वन हंड्रेड पर्सेंट" म्हटल्यावर ते चरकले.

"शंभरावर कुठली मशीन चालवत्यात?" त्यांनी मला विचारलं. "मी ऐंशी केले. पुढच्या शुक्रवारी बाई पंधरा-वीस जागी तुटली. लूमची तार तुटाय लागली की काय करायचं? स्पीड कमी. मी साठ केले. आणखी तुटली. मग चाळीस."

"आणि मग पंचवीस."

"मग पंचवीस. तरी तुटतच होती. मला वाटलं, हिचंबी वय झालं."

आता मला सगळं दिसलं. चाळीस वर्षं त्यांनी तुटलेल्या तारेवर एकच औषध दिलं होतं, वेग कमी करायचा, आणि ते दर वेळी लागू पडलं होतं. इथे त्या औषधानेच आजार वाढत होता, आणि आजार वाढला म्हणून ते आणखी औषध देत होते. एकीकडे माझी टोपी, दुसरीकडे त्यांचा लगाम. मधल्या मध्ये ती बिचारी बाई.

"बाबा, लूमची तार वेगाने तुटते," मी म्हणाले. "बाईची तार वेग नसला की तुटते. तिला पुढचा शब्द तयार करायला वेळच पुरत नाही."

ते अंगठ्याने डब्याची कड चाचपत होते.

"उलटी मशीन हाय," शेवटी म्हणाले.

"हो. पण मला सांगायचंत ना. मी दुकानं पालथी घातली, त्या माणसाशी भांडून आले. तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू शंभर करून ठेवले असते."

"मग करायलाच हवे होते."

"बाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द फार दिवसांनी आला. मी लहान असताना ते मला बाय म्हणायचे. "पहिले डोळे मी शंभरावर चालवले. दिवसभर कापड, रातच्याला पुस्तक. कधी म्हटलं न्हाय की जरा जपू. सरले. ही दुसरी जोडी हाय. तिसरी कुठून आणायची?"

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेल्या गणिताच्या बाईला दुपारी दीड वाजता, अंगावर शाळेची साडी असताना रडू आलं, आणि त्यांना ते दिसलं नाही याचंच मला आणखी वाईट वाटलं. त्यांनी मात्र ऐकलं असावं. डब्यावरचा हात उचलून त्यांनी तो अंदाजाने माझ्या मनगटावर ठेवला.

मग आम्ही घासाघीस केली. मी म्हणाले शंभर, ते म्हणाले सत्तर. मी म्हणाले पंच्याण्णव. शेवटी नव्वदवर सौदा पटला. मी हात लावला नाही, त्यांनीच बटणं मोजत तो आकडा भरला. बाई नाकातून "नाइन्टी पर्सेंट" म्हणाली आणि आम्ही एक पान सलग ऐकलं. एकही तार तुटली नाही. वडिलांनी मध्येच तिला एका जोडाक्षरावरून झापलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. ते ग्रेचं कव्हर आता मिक्सरवर आहे.

त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी मी गुपचूप तो आकडा बघायचे. नव्वदच असायचा. मेहताजी शब्दाला पक्के.

गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून एक फार मोठी कादंबरी मागून घेतली. तरुणपणी अर्धी वाचून राहिलेली, हजाराच्या वर पानं. ती फाइल मिळवायला मला बरीच खटपट करावी लागली. त्या शुक्रवारी आकडा बघितला तर शंभर होता. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालं.

"बाबा, हे शंभर कुणी केले?"

"मी."

"का? नव्वद ठरले होते ना आपले?"

त्यांनी बाईला थांबवलं. कुठवर आलो ते विसरू नये म्हणून बोट कीबोर्डवर तसंच ठेवलं.

"जाडं पुस्तक हाय, बाय," ते म्हणाले. "नव्वदवर पुरं व्हायचं न्हाय."

वाचण्याच्या वेगाला नव्वद काय आणि शंभर काय, काही फरक पडत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. मी सांगितलं नाही. त्यांनी बोट दाबलं आणि बाई पुढे वाचू लागली.